एका बाहीचा स्वेटर

२०१८ च्या डिसेंबरात परभणीचा पारा २ अंशांवर आला, तेव्हा नातवाच्या बारशासाठी म्हणून टाके घातले. पोरगं आता दुसरीत आहे. पाठ झाली, पुढा झाला, एक बाही राहिलीय. दोष आमच्या गंगाखेडच्या हवेचा. थंडी पडली की ट्रंकेतून सुया निघतात. चार बोटं विणून होतात तोवर संक्रांत उरकते, उन्हं तापतात, लोकर घामेजल्या बोटांना चिकटते. पुढच्या हिवाळ्यात कळतं, मधेच एक टाका सुटलाय. उसवा चार बोटं!

जनाबाई इथलीच. तिला म्हणे विठ्ठल दळू लागायचा. माझ्या सुयांसाठी मात्र कमरेवरचे हात काढायला तो तयार नाही.

परवा सूनबाईनं बाजारातून तयार स्वेटर आणला. दोन्ही बाह्या आहेत म्हणे त्याला.