शून्य तीस

अण्णांना उभ्या जन्मात कुणाचं एक पैशाचं देणं नव्हतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

स्थानिक निधी लेखापरीक्षेत त्यांची चौतीस वर्षं गेली. पाटणपासून म्हसवडपर्यंत अण्णांची हिरवी शाई न पडलेली कॅशबुकं फार थोडी असतील. घर भविष्य निर्वाह निधीतून बांधलं, स्कूटर रोखीनं घेतली, मुलाची इंजिनिअरिंगची फी ठेव मोडून भरली. वाण्याकडेसुद्धा वही नाही. सुट्टे नसले तर अण्णा काडेपेटी परत करून यायचे, पण रुपया बाकी ठेवून यायचे नाहीत.

2021 मध्ये मुलानं हिंजवडीच्या बाजूला फ्लॅट बघितला आणि वडलांना सहकर्जदार करावं म्हणून त्यांचा सिबिल काढला. (या कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. पण कुठल्याही वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं या चौघींच्या आकड्याला सिबिल.) आकडा 300 ते 900 मध्ये कुठंतरी यायला हवा. अण्णांचा आकडाच आला नाही. तिथं लिहिलं होतं ‘एनएच’. म्हणजे नो हिस्टरी.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला इतिहास नाही!

मुलाला कर्ज त्याच्या पगारावर मिळालं, त्याचा विषय संपला. अण्णांचा सुरू झाला. त्यांनी पन्नास हजारांची ठेव ठेवून तिच्यावर एक क्रेडिट कार्ड घेतलं. त्या कार्डावर महिन्याला एक शेंगतेलाचा डबा घ्यायचा आणि बिल आलं की चेक टाकायचा. इतिहास घडवायचा तो असा. वर्षभर छान घडला. अहवालात प्रत्येक महिन्याची एक चौकट असते आणि तिच्यात तीन आकडे. मुदतीनंतर किती दिवस पैसे थकले, ते त्यात दिसतं. अण्णांच्या सगळ्या चौकटींत शून्य शून्य शून्य. मी पाहिलंय, ते पान ते मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेसारखं दाखवायचे.

मग आला ऑक्टोबर 2022. बिलाची मुदत 1 तारखेची, अण्णांचा चेक 28 सप्टेंबरला पेटीत. चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. सत्तरीकडे झुकलेला हात, नमुना सही पंचवीस वर्षांपूर्वीची. बँकेनं ई-मेल पाठवला. ते ई-मेल खातं मुलानं उघडून दिलेलं, त्याचा पासवर्ड मुलाच्या लग्नाची तारीख, आणि ती तारीख अण्णांना आठवते ती तिथीनं. कळलं ते भाऊबीज होऊन गेल्यावर. 1 नोव्हेंबरला ते स्वतः बँकेत जाऊन दंडासकट रोख भरून आले आणि पावतीवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसरा मारून घेतला. पण 31 ऑक्टोबरला महिना बंद झाला होता आणि चौकटीत तीस दिवस बसले होते. शून्य तीन शून्य.

आमची कॉलनी त्यांना तेव्हापासून पाठीमागं ‘शून्य तीस’ म्हणते. तोंडावर अण्णाच.

खरं सांगायचं तर अण्णांना कर्ज नको होतं. आकडा सातशेच्या वरच होता, आणि तो सहाशे असता तरी त्यांचं पेन्शन एक तारखेलाच आलं असतं. पण आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या दप्तरात आक्षेप काढले, त्याच्या दप्तरात आक्षेप निघाला होता. त्यांच्या भाषेत ‘पॅरा’. आणि पॅरा वगळून घ्यायचा असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त या वेळी ते टेबलाच्या पलीकडे बसले होते.

फूलस्केप कागद उभा दुमडून डाव्या अर्ध्यात मजकूर लिहायचा, उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा सोडायचा, याला लेखापरीक्षेत अर्धसमास म्हणतात. अण्णांनी बँकेला अर्धसमास पाठवला. बँकेतल्या पोरांना तो कोरा अर्धा भाग बघून वाटलं, आजोबांचं लिहून व्हायचंय. त्यांनी तो परत पाठवला.

मग फोन. मी समोर बसलो होतो. मराठीसाठी तीन दाबा म्हणून तीन दाबलं, हिंदी बोलणारी मुलगी आली, अण्णांनी तिला मराठीत बोलायला लावलं.

“सर, एंट्री बरोबर आहे.”

“बरोबर आहे हे मलाही माहीत आहे, बाई.”

“मग तक्रार काय आहे सर?”

“ती काढा.”

“सर, चुकीची असेल तर काढता येते.”

“चुकीची असती तर मी विनंती कशाला केली असती? हुकूम केला असता.”

पलीकडे बराच वेळ संगीत वाजत राहिलं.

मुद्दा तिचाच खरा होता. कायदा 2005 चा आहे आणि त्यातलं दुरुस्तीचं कलम 21 अण्णांना पाठ आहे. चुकीची नोंद दुरुस्त होते. बरोबर नोंद दुरुस्त करायची म्हणजे ती चुकीची करायची, आणि तसं करायला कुणी तयार होत नाही. पण एप्रिल 2024 च्या शेवटाला रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला आणि अण्णांना दहा वर्षांनी तरुण करून गेला. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. त्या तीस दिवसांतले पहिले एकवीस बँकेचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर एक, दोन, तीन असे हिरवे आकडे पडू लागले. एकविसावर गोल, तिसावर चौकोन. काकूंना एकादशी शोधायला चष्मा लागू लागला. आणि दर खेपेला एकोणतिसाव्या दिवशी उत्तर येई: नोंद तपासली, बरोबर आहे. अण्णा हळहळत. शंभर रुपयांसाठी नव्हे हो, दोन दिवसांनी हुकलं म्हणून.

लोकपालाकडेही जाऊन झालं. तिथूनही तक्रार बंद झाली, पण त्या निकालावर अण्णा खूश होते. “मसुदा बघ,” मला म्हणाले, “कलमवार आहे. विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. असा माणूस आमच्या खात्यात असता तर!” त्याची एक झेरॉक्स त्यांनी काचेखाली लावली आहे.

मधे कॉलनीतल्या विजेच्या खांबावर कागद चिकटला होता: सिबिल क्लीन करून मिळेल. मीच आगाऊपणा करून त्या मनुष्याला अण्णांकडे घेऊन गेलो. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पाच हजार रुपये, पंधरा दिवस, काम फत्ते. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “कुठल्या कलमाखाली?”

“आपली आत ओळख आहे, काका.”

“ओळखीची पावती देता?”

“अं?”

“पाच हजार खर्ची टाकायचे तर प्रमाणक लागेल. जीएसटी क्रमांक सांगा. आणि बरोबर नोंद आपण कुणाकरवी, कुठल्या अधिकारात काढता, तेवढं या कागदावर उजव्या बाजूला लिहून द्या.” अर्धसमास पुढं सरकला.

तो गाडीत विसरलेलं काहीतरी आणायला गेला. चहा मी प्यालो.

त्या संध्याकाळी काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या फार बोलत नाहीत. मान वर न करता म्हणाल्या, “त्या भाऊसाहेबांचं काय केलं होतंत?”

अण्णा गप्प.

मलाच सांगायला लागल्या. पाटण खोऱ्यातले एक ग्रामसेवक. घरपट्टीची वसुली बँकेत तीन दिवस उशिरा भरली. पूल पाण्याखाली होता, एसटी बंद, माणूस पैसे उशाला घेऊन झोपला आणि पाणी उतरल्यावर चालत जाऊन भरून आला. अण्णांनी पॅरा घेतला: तात्पुरता अपहार. ते भाऊसाहेब घरी आले होते, याच ओसरीवर उभे राहिले होते. म्हणाले होते, साहेब, पैसे पूर्ण भरलेत, बरोबरच आहे सगळं, फक्त तो शब्द काढा.

“मग?” मी विचारलं.

“यांनी लिहिलं, खुलासा मान्य नाही.”

“नियमाप्रमाणे होतं,” अण्णा म्हणाले. पण आवाजात नेहमीची शाई नव्हती. उठून त्यांनी रेडिओ लावला, आणि लागलेला कार्यक्रम कसला आहे हे न बघता ऐकत बसले.

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. मात्र अहवाल मागवायचे थांबले नाहीत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकेकदा तो फुकट मिळतो, म्हणून त्यांनी तिमाही वाटून घेतली होती. प्रत्येक तिमाहीला एक कंपनी. आपला आपण बघितला की स्कोअर घसरतो अशी कॉलनीत अफवा होती, तीही त्यांनी फलकावर लेखी खुलासा लावून मोडून काढली.

अहवालात छत्तीस महिने दिसतात. नवा महिना उजेडात आला की सगळ्यात जुना मागं पडतो. 2025 ची दिवाळी झाली आणि डिसेंबरात सकाळीच अण्णांची हाक आली. टेबलावर छापील अहवाल. सगळ्या चौकटी शून्य. ऑक्टोबर 2022 पानावरच नाही.

“अभिनंदन, अण्णा! गेला की!”

“गेला नाही. सरकला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “वगळलेला पॅरा आणि जुना झालेला पॅरा यात फरक असतो. अनुपालन झालंच नाही.” फाइलला टॅग बांधला, वर तांबड्या शाईत ‘डी’ लिहिलं (म्हणजे वर्षभरानं नष्ट करायच्या कागदांचं गाठोडं) आणि माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिली. मी स्टुलावर चढलो. खाली बघितलं तर अण्णा मोकळ्या टेबलावर दोन्ही हात पसरून बसलेले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बसले होते तसे, असं काकूंनी नंतर सांगितलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, माझाही एकदा बघता का? मोबाइलवर काढून दिला. अण्णांनी बोटानं एकेक चौकट सरकवत नेली. शून्य, शून्य, शून्य. माझी छाती जरा फुगली.

बोट थांबलं.

“मे 2024. इथं तीन फुल्या आहेत.”

“तीन फुल्या म्हणजे?”

“म्हणजे त्या महिन्याची माहिती तुझ्या बँकेनं कळवलीच नाही. तुला पत्ता आहे?”

“नाही बुवा. पण त्यानं काही बिघडतं का?”

अण्णांनी खण उघडला. एक फूलस्केप काढला आणि उभा दुमडून घडीवर नख फिरवलं.

“खातं क्रमांक सांग,” ते म्हणाले, आणि आतल्या अंगाला ओरडले, “अहो, ते नव्या वर्षाचं कालनिर्णय आलं का?”