भोपळा आणि काका

गावाकडे पोहायला शिकवायची रीत सोपी होती. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचं. ढकलणारा काका मात्र काठावर काचा मारून उभा असायचा. हिंजवडीत आम्ही ही परंपरा जपली आहे. भोपळा आणि काका तेवढे खर्चकपातीत गेले.

यंदा सांगलीची एक इंटर्न आली. लॅपटॉप आठव्या दिवशी मिळाला. लाइव्ह डेटाबेसचा पासवर्ड पहिल्याच दिवशी, कारण तो माझ्या मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला असतो. मग केटी (नॉलेज ट्रान्सफर) झाली. म्हणजे वडापाव खाता खाता मी चार फोल्डर दाखवले, "बाकी चॅटजीपीटीला विचार" म्हणालो आणि मीटिंगला पळालो. (विषय : नव्या मुलांना मार्गदर्शन.)

तिसऱ्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "सर, टेस्टच्या नोंदी उडवायच्यात, एकदा बघता का?" मी न बघता अंगठा पाठवला. तिने 'डिलीट' लिहिलं, कोणत्या ओळी ते सांगणारं 'व्हेअर' राहिलं. 'सगळंच का?' असं संगणक विचारत बसत नाही. ४,३१२ ओळी गेल्या, एवढंच त्याने कळवलं. ओळी ग्राहकांच्या होत्या.

बॅकअप? होता की! मागच्या इंटर्नने घेतला होता, स्वतःच्या लॅपटॉपवर. तो गेल्यावर लॅपटॉप फॉरमॅट करून हिला दिला. आठ दिवस त्यातच गेले होते.

अहवालात मी 'मानवी चूक' लिहिलं. मानव कोण, हे ओघानं आलंच. थोरामोठ्यांचा कित्ता आहे हा. २०२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे 'सोलरविंड्स१२३' या पासवर्डाचा विषय निघाला, तेव्हा सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी बोट दाखवलं ते इंटर्नकडे. त्याच वर्षी एचबीओ मॅक्सकडून ग्राहकांना चाचणीची रिकामी मेल गेली आणि कंपनीने जाहीर केलं, हो, इंटर्नच. तिथे मात्र भलतंच झालं. मुरलेल्या लोकांनी आपापल्या जुन्या चुका सांगून त्या इंटर्नला धीर दिला. असला बेशिस्तपणा आम्ही खपवून घेत नाही.

तिचे सहा महिने संपले. प्रमाणपत्रावर 'तज्ज्ञ मार्गदर्शनाखाली' असं छापलंय, सही माझीच. तिला कायम केलंय. सोमवारी येणाऱ्या दोन पोरांची केटी तीच घेणार. काल टेबलापाशी आली आणि मॉनिटरवरची चिठ्ठी काढून घेतली.

"पासवर्ड बदललाय, सर. नवा तुम्हाला नाही मिळणार."

"कोणाला विचारून?"

"तुम्हालाच. अंगठा पाठवलात ना!"