ओघ कुणी वळवला?

टोरांटोमध्ये क्वीन स्ट्रीट जिथे डॉन नदी ओलांडते, तिथल्या पोलादी पुलाच्या माथ्यावर एक घड्याळ आहे आणि त्याच्यासोबत मोठ्या अक्षरांत एक ओळ. जिच्यात मी पाऊल टाकतोय ती नदी, मी उभा आहे ती नदी नव्हे, असा तिचा आशय. एल्डन गार्नेट या कलावंताने 1996 मध्ये ती तिथे बसवली. विचार मुळातला ग्रीक तत्त्ववेत्त्या हेराक्लिटसचा. ओळ सुंदरच आहे. राग येतो तो तिचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांचा.

पुलाच्या पूर्वेला रिव्हरसाइड. एकेकाळची कामगारवस्ती, आज कामगाराला न परवडणारी. अशा वस्तीबद्दल ‘बदल व्हायचाच, काळाचा ओघ आहे’ असं किती सहज बोललं जातं! ओघ कसला? खाली वाहणारी डॉनसुद्धा आपणहून सरळ झालेली नाही. 1880च्या दशकात उद्योग आणि रेल्वेसाठी तिची वळणं कापून तिला कालव्यात कोंबलं. पुढे ती इतकी नासवली, की 1969 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्यांनी तिची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. यातलं नदीने काय ठरवलं होतं?

वस्तीचंही तेच. जवळच्या ब्रॉडव्ह्यू हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर स्वस्त भाड्याच्या खोल्या होत्या. 2014 मध्ये इमारत विकली गेली, भाडेकरू गेले, 2017 मध्ये तिथे बुटीक हॉटेल उघडलं. आणि टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची वार्षिक मर्यादाच लागू नाही. घरमालक हवं तेवढं भाडं वाढवू शकतो. हे प्रांतिक सरकारने ठरवलं, तारीख घालून.

काळाच्या नावाखाली पैसाच ठरवतो, हे गार्नेटच्या नजरेतून तेव्हाही सुटलं नसावं. याच कलाकृतीचा दुसरा भाग हॉटेलच्या चौकात, फुटपाथमध्ये बसवलेला आहे. चार कोपऱ्यांवर काळाबद्दलची चार वचनं. त्यांतलं एक, वेळ म्हणजे पैसा. फोटो मात्र पुलावरच्या ओळीचे निघतात, कारण तिच्याखाली उभं राहून कुणालाही जाब विचारावा लागत नाही.

विचारायलाच हवा. भाड्याची मर्यादा नव्या घरांनाही लावा, असं रिव्हरसाइडच्या भाडेकरूने म्हटलं, तर त्याला कुणी नदीचं तत्त्वज्ञान ऐकवू नये. 2018 मध्ये सरकारने जे सही करून काढून घेतलं, ते सही करूनच परत देता येतं.