एल-नंबरवाले काका

पंढरपुरात जाऊन वारकऱ्याला टाळ कसा धरावा हे शिकवायचं, तसं मच्छीमारांच्या उत्तनमध्ये येऊन कुणाला मासे ओळखायला शिकवायचं. चौक, पाली, भाटेबंदर या पट्ट्यात शाळकरी पोरसुद्धा टोपलीवरचं फडकं न उचलता आत मांदेली आहे की करंदी ते सांगतं. अशा गावात ‘माशांतले जाणकार’ म्हणून मिरवायला छाती लागते. ती आमच्या एल-नंबरवाल्या काकांकडे आहे.

काकांनी जन्मात कधी होडीत पाय ठेवलेला नाही. लाट नुसती बघितली तरी त्यांच्या पोटात ढवळतं. उभी नोकरी चर्चगेटच्या एका ऑफिसात गेली. भाईंदर स्टेशनवर उतरायचं, उत्तनची बस पकडायची आणि खिडकीशी बसून माशांची मासिकं वाचायची, हा त्यांचा नेम. समुद्र बाजूने गेला काय आणि राहिला काय, काकांना पत्ता नसे. त्यांचं मन अॅमेझॉनच्या तळाशी, प्लेको नावाच्या माशाला चिकटलेलं.

हा मासा तुम्हीही पाहिला असेल. टाकीच्या काचेला तोंडाने चिकटून बसलेला, अंगावर हाडांचे पत्रे असलेला. दुकानात त्याला ‘सकर’ म्हणतात, ‘टँक क्लीनर’ म्हणतात, क्वचित ‘क्रोकोडाइल’ही म्हणतात. यातला कोणताही शब्द कानावर पडला की काकांच्या कपाळावरची शीर उडायला लागते. “अहो, लोरिकॅरिडी कुळात हजाराच्या वर जाती आहेत. आणि तुमच्याकडे दोनच? सकर छोटा आणि सकर मोठा?” दुकानदार शांतपणे म्हणतो, “मधलापण आहे.”

काका माशांना नावाने हाक मारत नाहीत, नंबराने मारतात. त्यामागे इतिहास आहे. दक्षिण अमेरिकेतून नवेनवे प्लेको इतक्या वेगाने येऊ लागले की शास्त्रज्ञांना बारसं करायला सवड मिळेना. तेव्हा 1988 साली ‘डाट्झ’ या जर्मन मत्स्यालय-मासिकाने फोटो छापून प्रत्येकाला एल अक्षराचा एकेक नंबर द्यायला सुरुवात केली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा, ब्राझीलच्या शिंगू नदीतला, तो एल 46. त्याचं शास्त्रीय नाव 1991 साली पडलं, तोवर नंबरावरच भागलं. काकांनी हे सगळे नंबर पाठ केले आहेत. काकूंचा वाढदिवस मात्र त्यांना कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो.

नंबर पाठ करणाऱ्याचीही फजिती व्हावी अशी सोय या माशाने करून ठेवली आहे. पिवळ्या ठिपक्यांचा गोल्ड नगेट वेगवेगळ्या वयांत आणि वेगवेगळ्या ठिकाणी सापडत गेला, तसे त्याला 18, 81, 85 आणि 177 असे चार नंबर मिळाले. पुढे कळलं, मासा एकच. कुणी हे काढून काकांना डिवचलं, तर ते थेट 1758 सालात शिरतात. “खुद्द शास्त्रज्ञ लिनियसने पहिल्या प्लेकोची नोंद स्टर्जन माशाच्या खात्यात केली होती! अंगावर पत्रे बघून फसला. तिथे माझ्यासारख्याचं काय?” हे वाक्य त्यांनी लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घरी आणि एकदा बसच्या रांगेत उच्चारलेलं मी ऐकलं आहे.

काकांना कामात पाहायचं तर भाईंदरच्या एखाद्या मत्स्यालयाच्या दुकानात पाहावं. खिशातून छोटी टॉर्च निघते, चष्मा कपाळावर जातो आणि काका टाकीसमोर उकिडवे बसतात. माशाने पाठीवरचा पर उभारला की पुढचा जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजायच्या. सात भरल्या तर हायपोस्टोमस. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे आपल्याकडे सर्रास विकला जाणारा तो ‘सकर’. पण मासा काही काकांच्या सोयीने पर उभारत नाही. तो अंगाला मिटून बसतो. काकाही बसतात. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जातात, पोऱ्या त्यांच्या डोक्यावरून जाळी नेतो. मग एकदाचा पर उघडतो आणि काका मोठ्याने मोजतात, “आठ, नऊ, दहा... अकरा!” दुकानातली लहान मुलं टाळ्या वाजवतात.

एवढ्यावर भागत नाही. मग पोट बघायचं असतं. सुटेसुटे ठिपके असतील तर पार्डालिस. ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी नक्षी झाली असेल तर डिसजंक्टिव्हस. मासा काचेला चिकटलेला असला की पोट आयतं दिसतं. ते अधलंमधलं निघालं, तर काका त्या रात्री झोपत नाहीत आणि काकूंनाही झोपू देत नाहीत.

गावात त्यांची खरी परीक्षा घेतली ती बोंबील सुकवणाऱ्या एका मावशीने. बांबूंना बांधलेल्या दोरीवर ती बोंबील टांगत होती. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हात थांबत नव्हता. काकांनी मोबाइल पुढे केला. “हा बघ, ब्रिसलनोज. नर आहे, थोबाडावर फांद्यांसारख्या मिशा फुटल्यात.”

मावशीने मान वळवली, एक नजर टाकली. “शिंगाळ्याच्या घरातला आहे.”

काका चमकले. त्यांना जे कळायला जर्मन मासिकं लागली, ते बाईने जोडी टांगता टांगता सांगितलं. प्लेको आणि शिंगाळा, दोघे एकाच गणातले. तरी त्यांनी हुकमाचं पान टाकलं, “याचा नर अंडी राखतो, ठाऊक आहे?”

“शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो. तुझा काय करतो?”

“कपारीत बसून परांनी वारा घालतो.”

“म्हणजे घरीच बसतो. तुझ्यासारखा.” मावशीने पुढची जोडी टाकली. “लागतो कसा खायला?”

काका निघाले. खाण्याचा विषय निघाला की ते निघतात.

काकांच्या घरी मात्र खाण्याचीच चैन आहे. माणसांची नव्हे, प्लेकोंची. त्यांना काकडीचे काप, वाफवलेली दुधी. पॅनाक जातीचा एक गृहस्थ लाकूड कुरतडतो, म्हणून टाकीत ओंडका. काकू म्हणतात, “कोशिंबिरीला काकडी हवी तर आधी टाकीला विचारावं लागतं.”

आता या माणसाला वेडा म्हणून सोडून द्यायला हरकत नव्हती. पण दुकानदार त्यांना सोडत नाही. नवा माल आला की तो गुपचूप फोटो पाठवतो, काका नंबर सांगतात आणि संध्याकाळी त्या माशाचा भाव तिप्पट झालेला असतो. ज्ञानाचा मोबदला म्हणून काकांना चहा मिळतो, तोही अर्धा.

बदल्यात काका दुकानदाराचं नुकसानही तेवढंच करतात. एखादं जोडपं पोराच्या हट्टाखातर बोटभर ‘सकर’ घ्यायला आलं की काका मध्ये पडतात. “दोन फुटी टाकी ना? हा दीड फूट होतो. आणि साफसफाई कसली, सगळ्यात जास्त घाण हाच करतो. शेवाळ खायला हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, अर्ध्या फुटाच्या आत थांबतो.” दुकानदार दात-ओठ खातो. पण काका खरं बोलत असतात. टाकीत मावेनासा झालेला हा मासा लोक भूतदयेने तलावात सोडतात. तिथे तो पोटाने हवा शोषून घाण पाण्यातही तगतो, काठाला बिळं पाडतो आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपासून आपल्या उजनीपर्यंत मच्छीमार त्याच्या नावाने बोटं मोडतात. जाळं फाटल्यावर पोटाला काय चिमटा बसतो, हे उत्तनच्या माणसाला वेगळं सांगायला नको. डोलीचं जाळं स्वतः कधी न ओढलेल्या काकांनाही ते कळतं, हीच त्यांची खरी कमाई.

तेव्हा सकर घ्यायला गेलात तर पर उभारेपर्यंत थांबा आणि काड्या मोजा. दहा भरल्या तर मासा तिथेच राहू द्या. घरी आधीच दीड फूट झाला असेल तर तलावात, खाडीत, विहिरीत कुठेही सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर आपल्या भागातले एल-नंबरवाले काका शोधा. सापडतात, आणि त्यांना विचारलं की तास-दोन तास जातात, एवढी तयारी ठेवा.