भाऊसाहेब प्रशिक्षणाला गेलेत

कार्यालयातली प्रशिक्षणं गरजेप्रमाणे होत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते. ती करणारे आस्थापना शाखेत कधी बसलेले नसतात. मी 16 वर्षं बसलोय. आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षण गरजेप्रमाणेच होतं. गरज कोणाची, एवढं मात्र विचारू नये.

आमच्या भाऊसाहेबांचंच बघा. ‘एक कर्मचारी तात्काळ नामनिर्देशित करावा’ असं पत्र आलं की साहेब माझ्याकडे बघतात आणि मी भाऊसाहेबांकडे. लेखा शाखेतल्या मॅडमना पाठवलं तर पगारबिलं अडतात. बारनिशीवाल्याला पाठवलं तर टपालाचा ढीग लागतो. भाऊसाहेब गेले तर कशाचं काही अडत नाही, उलट दुपारनंतरचं काम जरा भरभर उरकतं. त्यांच्याकडे स्वतंत्र जबाबदारी अशी एकच, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली. त्यामुळे माहितीचा अधिकार, आपत्ती व्यवस्थापन, पाणलोट विकास, नेतृत्वगुण असं सगळं त्यांचं झालेलं आहे. एकदा ते मधमाशीपालनालाही जाऊन आले. पत्र चुकून आमच्याकडे आलं होतं, पण त्यावर ‘तात्काळ’ लिहिलेलं होतं. त्यांची प्रमाणपत्रं मोजली तर जिल्ह्यात त्यांच्याइतका शिकलेला माणूस नसेल. कार्यालयाला पाच दिवस शांतता हवी होती, भाऊसाहेबांना टीए-डीए हवा होता, वरच्यांना नाव हवं होतं. एका माणसात तीन गरजा भागल्या. याहून नेमकं काय जुळवायचं?

धोरण नाही असं कोणी म्हणू नये. 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात लिहिलंय की पगाराच्या तरतुदीतले किमान 2.5 टक्के फक्त प्रशिक्षणावर खर्चावेत, प्रत्येक खात्याने प्रशिक्षण व्यवस्थापक नेमावा आणि पदाला कोणती क्षमता लागते ते पाहून माणूस तयार करावा. महाराष्ट्राचं धोरण त्याच्या एक वर्ष आधीचं, 2011 चं. त्यात पुण्याच्या यशदाला शिखर संस्था केलेलं आहे. शास्त्र तर त्याहून जुनं. 1961 साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं, की आधी संस्थेला काय हवं ते बघा, मग कामाला काय लागतं ते, मग त्या माणसाला त्यातलं काय येत नाही ते. आम्हीही बघतो. फक्त त्याआधी कॅलेंडर बघतो. फेब्रुवारी उलटला आणि प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक दिसले की आमच्या सगळ्यांच्या क्षमता एकदम कमी पडायला लागतात. मार्चमध्ये आम्ही फार अडाणी असतो.

गरजांचा तक्ता दरवर्षी मीच भरतो. म्हणजे गेल्या वर्षीच्या तक्त्यावरची तारीख बदलतो. तो तक्ता माझ्याआधीच्या गृहस्थांनी त्यांच्याआधीच्यांवरून उतरवला होता. त्यात ‘टंकलेखन यंत्राची निगा’ ही गरज अजून जिवंत आहे. टंकलेखन यंत्राचा लिलाव झाला, पण गरजेच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी ठेवला नाही. ‘मागील प्रशिक्षणात आढळलेल्या त्रुटी’ या रकान्यात निरंक.

एकदा मात्र साहेबांनी खरोखरची गरज कळवली होती. ई-ऑफिस नवं आलं होतं. नस्ती उलटी स्कॅन होत होती, टिप्पणी सादर केली की ती कुठे जाते ते समजत नव्हतं, आणि खिडकीवरची रांग जिन्यापर्यंत पोचली होती. आम्ही ई-ऑफिसचं प्रशिक्षण मागितलं. मंजूर दरात, हव्या त्या तारखेला, ताणतणावमुक्तीचे व्याख्याते मिळाले.

गृहस्थ उत्साही होते. त्यांनी आम्हाला फुगे फुगवायला लावले, डोळे मिटायला लावले, आणि कुऱ्हाडीला धार लावणाऱ्या लाकूडतोड्याची गोष्ट सांगितली. (ही गोष्ट मी आतापर्यंत नऊ व्याख्यात्यांकडून ऐकली. एवढ्या धारेत कुऱ्हाड संपली असेल.) शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्हाला ताण नक्की कशाचा येतो?” सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, “ई-ऑफिसचा!” त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितलं.

मग अभिप्रायाचे फॉर्म. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, परत जाऊन कामाची पद्धत बदलली का, आणि संस्थेच्या पदरात काही पडलं का. आम्ही पहिल्या पायरीवर पथारी पसरली आहे. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं, म्हणून ‘उत्कृष्ट’.

2020 मध्ये केंद्राने मिशन कर्मयोगी मंजूर केलं. नियमावर बोट ठेवून चालणारा कर्मचारी यापुढे भूमिका ओळखून चालेल, अशी कल्पना. वारं फिरलं आणि आमच्याकडेही ऑनलाइन अभ्यासक्रम आले. अमुक तारखेपर्यंत अमुक इतके पूर्ण करा, नाहीतर खुलासा द्या. आता भाऊसाहेब एकटे पुरणार नव्हते. मग आम्ही सगळ्यांनी आपापले पासवर्ड ऑपरेटर मुलीकडे दिले.

ही मुलगी एजन्सीमार्फत आलेली, 11 महिन्यांच्या कंत्राटावर. कंत्राटी असल्यामुळे तिला प्रशिक्षणाला पाठवता येत नाही, तशी तरतूदच नाही. खिडकीवरचं काम आटोपून संध्याकाळी ती आमचे अभ्यासक्रम पूर्ण करायची. साहेबांचं नेतृत्व, लेखाच्या मॅडमचं वेळेचं नियोजन, माझी कार्यालयीन नीतिमूल्यं. सुरुवातीला ती नुसती पुढे-पुढे दाबायची. नंतर ऐकायला लागली. ई-ऑफिसची नस्ती सुलटी कशी करायची हे तिने त्यातूनच शिकून आम्हाला दाखवलं. महिन्याभरात रांग जिन्यापासून मागे सरकली. आमच्या कार्यालयाला 100 टक्के प्रशिक्षित म्हणून वरून अभिनंदनाचं पत्र आलं. ते साहेबांनी चौकट करून लावलं.

गेल्या आठवड्यात तिचे 11 महिने संपले. सोमवारी साडेदहाला आम्ही सगळे आपापल्या संगणकासमोर बसलो आणि एकमेकांकडे बघायला लागलो. साडेअकराला मी तिला फोन लावला.

“सगळे पासवर्ड वहीत लिहून ठेवलेत सर. निळी वही. लोखंडी कपाटात.”

किल्ली भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब शुक्रवारपर्यंत निवासी प्रशिक्षणाला गेलेत. विषय, माहितीची सुरक्षितता.