घामाची जमाबंदी

महसूल खात्यात तेहतीस वर्षे कारकुनी करून मी अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालो. त्या अवधीत सरकारने टाचणीपासून तगाईपर्यंत नाना गोष्टींचे हिशेब माझ्याकडे मागितले. परंतु चैत्र-वैशाखाच्या उन्हात गारपिटीचे पंचनामे करीत बांधाबांधाने हिंडताना माझ्या अंगातून किती घाम गेला, अशी पृच्छा कोणत्याही मामलेदाराने अथवा प्रांतसाहेबाने कधी केली नाही. घाम यायचा, सदऱ्याच्या पाठीवर वाळून त्याचे पांढरे नकाशे उमटायचे, ज्याचे शेत आडवे झाले असेल तोच बिचारा ओसरीवर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून ठेवायचा, आणि तेवढ्यावर ते प्रकरण निकालात निघून दप्तरदाखल व्हायचे. घाम हे उत्पन्नही नव्हते आणि थकबाकीही नव्हती. ती थकबाकी आहे, आणि तिची भरपाई वेळच्या वेळी न केल्यास देहाचा लिलाव पुकारला जाण्याचा संभव आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी पर्वतीच्या पायथ्याशी कळले.

झाले असे की, आमच्या डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे चालण्याचा हुकूम दिला, सूनबाईंनी त्या हुकमाच्या तामिलीसाठी बूट आणि पावले मोजणारे घड्याळ आणले, आणि मी पर्वतीच्या शंभरावर पायऱ्यांपैकी काही पायऱ्या रोज सकाळी चढू लागलो. तिथे माझे एक जुने स्नेही भेटत. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असून, माझ्याहून कमी पायऱ्या चढून माझ्याहून अधिक दमत. पण त्यांच्या हाती एक बाटली असे आणि त्या बाटलीत एक निळे पेय असे. असा निळा रंग मी तोवर शाईच्या दौतीतच काय तो पाहिला होता. "तहान लागेपर्यंत थांबू नका," ते मला म्हणाले, "तहान लागली की उशीर झालाच म्हणून समजा." तहान ही देहाने पाठवलेली पहिली नोटीस, अशी माझी आजवरची समजूत, ती जप्तीचे वॉरंट आहे हे ऐकून माझ्या घशाला तिथल्या तिथे कोरड पडली. म्हणजे उशीर झालाच होता.

त्याच दिवशी मी एका मोठ्या दुकानातल्या शीतकपाटापुढे उभा राहिलो. आमच्या काळी शीतपेय म्हणजे रसवंतीगृहातल्या चरकाच्या घुंगरांच्या तालावर निघालेला, आले-लिंबू पिळलेला उसाचा रस, किंवा फार तर गोटी सोड्याची बाटली. इथे मात्र बाटल्या होत्या, भुकट्या होत्या, पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या वड्यांच्या नळ्या होत्या, आणि शहाळ्याचे पाणी तर चक्क पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवले होते. ते पाहून कोकणातल्या माझ्या आजोबांनी नारळाला याहून चांगले खोके निसर्गानेच दिले आहे, असे काही सुनावले असते. दहा रुपयांत दीडशे मिलिलिटर देणारी एक चिमुकली बाटलीही होती, आणि तिच्या सिद्धतेत मुथय्या मुरलीधरन यांचा हात असल्याचे समजले. ज्या पुरुषाने कसोटी सामन्यांत ८०० वेळा फलंदाजांना घाम फोडला, त्यानेच पुढे २०२५ साली घामावरचा उतारा बाजारात आणावा, यात मला न्यायाचा भाग दिसला. मी मात्र स्नेह्यांच्या निळ्या बाटलीलाच इमान राखले.

तीन आठवडे मी निष्ठेने प्यालो. सकाळी पर्वतीवरून उतरल्यावर अर्धा लिटर; आणि सायंकाळी दूरदर्शनपुढे बसून क्रिकेटचा सामना पाहताना, मैदानावरची मंडळी पेयपानासाठी थांबली की, सहानुभूती म्हणून उरलेले अर्धे. परिणाम असा झाला की, विजारीचा आकडा आणि त्याचे घर यांच्यात जे सौहार्द गेली दहा वर्षे टिकून होते, त्यात वितुष्ट आले.

कारकुनाचे रक्त अशा वेळी स्वस्थ बसत नाही. मी शंभर पानी वही घेतली, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च असे रकाने आखले, आणि घामाची जमाबंदी आरंभिली. पद्धत सोपी आहे आणि मोठमोठे धावपटूही तीच वापरतात: निघण्यापूर्वी वजन करावे, परतल्यावर घाम पुसून पुन्हा करावे, आणि जी तूट दिसेल तेवढा घाम गेला असे धरावे. पहिल्या दिवशी मी जाताना बहात्तर किलो चारशे ग्रॅम होतो आणि चाळीस मिनिटे चालून आल्यावर बहात्तर किलो नऊशे ग्रॅम भरलो. व्यायामाने मनुष्य वाढतो हा सिद्धांत मी वहीत नोंदवणार, इतक्यात न्हाणीघराच्या दारातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती बाटली आधी खाली ठेवा आणि मग उभे राहा काट्यावर."

दुरुस्तीनंतर आठ दिवसांची सरासरी निघाली ती अशी: घामाचा खर्च तीनशे ग्रॅम, पेयाची जमा पाचशे मिलिलिटर. शिवाय या जातीच्या पेयात शेकडा सहा या मानाने साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरमागे तीस ग्रॅम, अर्थात सहा चहाचे चमचे. चालून मी जे जाळीत होतो ते बहुतांशी सकाळीच पुन्हा भरून घेत होतो, आणि सायंकाळची बाटली ही निव्वळ शिल्लक, जी दर रोज पोटाच्या खात्यावर वर्ग होत होती. ज्या मनुष्याने तासन्‌तास उन्हात धावावे, त्याच्यासाठी हे पेय आहे आणि त्याला ते उपकारकही आहे, हे मी नाकारीत नाही. पण धावणारे थोडे आणि चालणारे फार, आणि चालणाऱ्यांहूनही धावण्याचा विचार करणारे फार. बाजाराची खरी मदार या तिसऱ्या वर्गावर असते.

आता या पेयाची उत्पत्तिकथा. १९६५ साली अमेरिकेत, फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल गावी, तिथल्या फुटबॉल संघाच्या एका प्रशिक्षकाने मूत्रपिंडाचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना असा प्रश्न विचारला की, आमचे खेळाडू सामन्याच्या वेळी लघुशंकेला का जात नाहीत? एवढ्या क्षुल्लक शंकेतून एवढा प्रचंड उद्योग उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण निदान मला ठाऊक नाही. उत्तर असे निघाले की, त्या दमट उष्म्यात पाणी घामावाटेच निघून जाते, मग उरणार काय आणि जाणार काय? डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात मीठ, साखर आणि आणखी काही क्षार कालवून एक द्रव सिद्ध केला; शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष होता, फक्त तो कोणाच्या घशाखाली उतरेना. शास्त्र असे अडून बसले असता डॉक्टरांच्या पत्नी मेरी यांनी सुचवले, त्यात लिंबू पिळून पाहा. पिळले, आणि ते पेय झाले.

संघाचे नाव 'गेटर्स', म्हणजे मगरी. म्हणून पेयाचे नाव गेटोरेड. १९६७ च्या जानेवारीत या मगरींनी जॉर्जिया टेकचा २७-१२ असा पराभव केला, तेव्हा हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने आपल्याकडे ते पेय नव्हते अशी कैफियत मांडली म्हणतात. याहून प्रभावी जाहिरात पैसे मोजून मिळत नसते. त्याच वर्षी डबाबंद घेवडे विकणाऱ्या एका कंपनीने पेयाचे हक्क घेतले, पैसा दिसू लागताच विद्यापीठाला आपल्या मालकीची आठवण होऊन कज्जा उभा राहिला, आणि १९७२ साली तडजोड होऊन स्वामित्वधनाचा शेकडा वीस वाटा विद्यापीठाला मिळू लागला. पुढे दोनदा मालक बदलून २००१ साली ही सारी इस्टेट पेप्सिकोच्या नावे झाली. फेरफाराच्या नोंदी वाचण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे हा भाग मी विशेष आवडीने वाचला.

मात्र मीठ-साखर-पाण्याची दुसरी एक कथा आहे, आणि ती वाचताना मी वही मिटून ठेवली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेवाटे द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधवून, त्या पिंपांतल्या पाण्यात कालवून, ते पेल्या-पेल्याने पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवरच सोपवले. आणि शंभरात तीसच्या घरात गेलेला मृत्यूचा आकडा चारच्या खाली आला. यातले इंगित आमच्या खात्यातल्या कोणालाही चटकन उमगेल. आतड्याच्या दारावर मिठातल्या सोडियमला एकट्याने गेल्यास बराच वेळ तिष्ठावे लागते. पण ग्लुकोजचा वशिला असला की दोघेही जोडीने आत जातात, आणि पाणी पट्टेवाल्यासारखे त्यांच्या पाठोपाठ चालू लागते. वशिल्याने जीव वाचल्याचा एवढा निर्मळ दाखला दुसरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या प्रमाणात लिटरभर पाण्याला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम आणि आणखी दोन क्षार असतात. डॉक्टर २०२२ साली वारले; पद्मविभूषण त्यांना त्यानंतर जाहीर झाले.

या पुण्यवंत पेयाची तीन अक्षरे, ओआरएस, पुढे गोड सरबतांच्या खोक्यांवर मिरवू लागली. दोन वर्षांपूर्वी आमच्या नातवाला जुलाब झाले असता मीच एका औषधाच्या दुकानातून तसले खोके मोठ्या तत्परतेने आणले. त्यावर सफरचंदाचे चित्र होते, नातवाने ते आनंदाने संपवून दुसरे मागितले, आणि जुलाब थांबण्याऐवजी त्यांनाही उत्साह आला. डॉक्टरीणबाईंनी खोक्यावरचा साखरेचा आकडा मला चष्मा लावून मोठ्याने वाचायला लावला; तो खऱ्या पुडीच्या कित्येक पट होता. आयुष्यभर लोकांचे दस्तऐवज तपासणाऱ्या मला सहीशिक्क्याच्या जागी सफरचंद दिसले, तरी शंका आली नव्हती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षे नेटाने तक्रार चालवली, आणि अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती अक्षरे अशा पेयांच्या नावांतून काढून टाकण्याचे फर्मान काढले.

माझ्या बँकवाल्या स्नेह्यांना मी हे सर्व सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पण जास्त पिण्याने नुकसान तर नाही ना?" तेही दप्तरात होते. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यांच्या संस्थेने १९९६ साली धावपटूंना सोसेल तितके पिण्याचा सल्ला दिला होता. आणि २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तात सोडियम नको तितके उतरलेले आढळले, आणि त्यांच्यात वाटेत भरपूर पिऊन वजन वाढवून आलेले पुष्कळ होते. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढवणारे लोक जगात आहेत हे वाचून माझ्या काट्यावरच्या पहिल्या दिवसाचे मला फारसे वैषम्य वाटेनासे झाले. स्नेह्यांनी बाटलीचे झाकण लावले, उघडले, आणि पुन्हा लावले.

घरी येऊन मी सौभाग्यवतींना गेन्सव्हिलची कथा रंगवून सांगितली. त्या कोयरीच्या आकाराच्या पितळी अडकित्त्याने सुपारी कातरीत बसल्या होत्या; लिंबाचा प्रसंग आला तेव्हा हात थांबला.

"म्हणजे मीठ, साखर नि लिंबू. एवढ्यासाठी इतके डॉक्टर जमले होते?"

"अगं, प्रमाण महत्त्वाचे!"

"चिमूटभर. आणि त्या बाईचं नाव आलं का बाटलीवर?"

"नाही. मगरींचे आले."

त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने पितळी फुलपात्र माझ्यापुढे आले: माठातले पाणी, तळाशी विरघळत असलेली साखर, वर तरंगणारी लिंबाची एक बी, आणि जिभेच्या शेवटाला जाणवेल न जाणवेल इतके शेंदेलोण. मी अर्धे पिऊन वहीत जमेच्या रकान्यात नोंदणार, तोच त्यांनी विचारले, "त्या विद्यापीठाला किती मिळतात म्हणालात, शेकडा वीस?"

"हो."

"मला अडतीस उन्हाळे झाले. पेन्शन एक तारखेलाच येते ना तुमची?"

मी त्यांचा अर्ज बारनिशीला नोंदवून घेतला आहे. मागील थकबाकी व्याजासह द्यावयाची की चालू महिन्यापासूनच वाटा धरावयाचा, या मुद्द्यावर प्रकरण प्रलंबित असून, निकाल लागेपर्यंत अर्जदारांनी लिंबे माझ्याच पैशांतून आणविण्याचा अंतरिम हुकूम स्वतःच मिळवला आहे.