पाव दराचा पूर्ण फटका

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात काय लिहिलंय ते मी, गाईड या नात्यानं, पर्यटकांना घडाघडा सांगतो. (ब्राह्मी मला वाचता येत नाही. पण पर्यटकांनाही येत नाही, त्यामुळे आमचं जमतं.) अशा विद्वानाला दर दोन महिन्यांनी येणारं टेलिफोनचं बिल मात्र लागत नव्हतं.

गोष्ट १९९५च्या आसपासची. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, एकूण कॉल, वजा फुकटचे कॉल, भाडं आणि तळाशी ५ टक्के सेवा कर. जुलै १९९४मध्ये हा कर पहिल्यांदा बसला तो टेलिफोन, विमा आणि शेअर दलालांवर. शेअर दलालांच्या पंगतीला आपलंही पान मांडलंय, म्हणून तो मी कौतुकानं भरत असे. पण कॉलचा आकडा? एवढे फोन करायला तेवढी माणसं ओळखीची तरी हवीत!

संशय अर्थातच गल्लीवर. आमचा नंबर निम्म्या गल्लीचा पीपी नंबर होता. मी एक पितळी कुलूप आणून डायलच्या भोकात अडकवलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. शेजारचं पोरगं ते बघून हसलं. त्यानं रिसीव्हर उचलला आणि खटक्यावर बोटानं टकटक सुरू केली. तीनला तीन ठोके, शून्याला दहा. माझ्यादेखत त्यानं आपल्या मामाला फोन लावला. कुलूप जिथल्या तिथं.

पुढचं बिल आणखी फुगलं. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून सोमवार गाठून भांडायच्या तयारीनं तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाई शांत होत्या.

"काका, मीटर फोन मोजत नाही, ठोके मोजतं. गावातल्या गावात ठोका सावकाश पडतो. एसटीडीला अंतर वाढेल तसा भराभर."

"एसटीडी आम्ही रात्री अकरानंतरच करतो. पाव दरात!" मी तोऱ्यात म्हणालो.

बाईंनी एसटीडीचा तपशील काढून माझ्यापुढे सरकवला. गल्लीतला एकही नंबर त्यात नव्हता. वरपासून खालपर्यंत मुंबईचा एकच नंबर, माझ्या मेहुण्याचा. वेळ अकरा वाजून दोन मिनिटं, अकरा वाजून एक मिनिट, एकदा तर बरोब्बर अकरा. आणि पुढे मिनिटं... ती वाचताना माझा चष्मा आपोआप खाली घसरला. दर पाव झाला म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको निवांत बोलायचो. भेंडीच्या भावापासून मुंबईच्या पाण्यापर्यंत. एकदा ही दूध उतू गेलं म्हणून आत पळाली आणि गॅस पुसून, पातेलं घासूनच परत आली. तेवढा वेळ मी इकडे आणि मेहुणा तिकडे रिसीव्हर कानाला लावून गप्प उभे होतो. त्या शांततेचेही ठोके पडले होते.

"गल्लीवाल्यांचं काय?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"ते लोकल करतात, आणि लवकर ठेवतात," बाई म्हणाल्या.

पैसे भरून घरी आलो. कुलूप काढलं. ही सगळी हकिकत मेहुण्याला सांगितल्याशिवाय चैन पडेना. अकरा वाजेपर्यंत कसाबसा दम धरला.